जुना मनुष्य, नवा मनुष्य : उपवासकाळाकरिता अभ्यासपाठ

शास्त्रभाग : मत्तय ३:१३ ते ४:११, लूक १५:११-२४, गलतीकरांस पत्र २:११-१४ व ३:२६-२८, कलस्सैकरांस पत्र ३:१-१५.

पाठ करण्याचे वचन : करिंथकरांस दुसरे पत्र ५:१७.

पाठाचा मुद्दा : देव आपणांस आधी आपले लेकरू म्हणतो व मग नवे जीवन मागतो. बाप्तिस्म्यात मिळालेले नाव घरात, शेतात व पंगतीत खरे व्हावे, म्हणून हा काळ आहे.



माघ सरून फाल्गुन लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील माळांवर व टेकड्यांवर पळस फुलतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते, वाळलेली पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली जाते, आणि काळी जमीन उन्हाने भेगाळू लागते. परक्या माणसास वाटेल की, आता शेतात काही काम उरले नाही. परंतु शेतकरी जाणतो की, हा काळ रिकामा दिसला तरी रिकामा नसतो. ज्याने ह्या दिवसांत पऱ्हाटी उपटली नाही, जमीन नांगरली नाही, काटेकुटे वेचले नाहीत, त्याच्या शेतात मृगाचा पाऊस पडूनही पीक नीट यावयाचे नाही. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांस हाच शेतकऱ्याचा धडा दिला आहे (यिर्मया ४:३). पडीत जमीन आधी फोडावी, काट्यांमध्ये बी टाकू नये, असे तो सांगतो.

ह्याच दिवसांत मंडळीचा उपवासकाळ येतो. भस्म बुधवारी त्याचा आरंभ होतो, व रविवार वगळून पुनरुत्थानदिनापर्यंत ४० दिवस मोजले जातात. आपल्यांपैकी कित्येक ह्या दिवसांत मांस सोडतात, कोणी चहा सोडतात, कोणी सायंकाळपर्यंत अन्न घेत नाहीत. कित्येक म्हणतात, हे सर्व बाहेरचे विधी आहेत, आम्हांस त्यांचे काय? ह्या दोघांसही आमचे नम्र सांगणे आहे की, ‘मी काय सोडावे?’ हा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न, ‘मी कोण आहे?’ हा आहे. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर शोधू गेल्यास उपवास घडतो, पण मनुष्य होता तसाच राहतो.

१. हा काळ कशासाठी नेमला गेला

ख्रिस्ती मंडळीच्या आरंभीच्या शतकांत पुनरुत्थानाचा सण हा बाप्तिस्मा देण्याचा मोठा समय असे. ज्यांस बाप्तिस्मा घ्यावयाचा असे, त्यांना त्याआधी पुष्कळ दिवस शिक्षण देत. ३२५ साली निकिया येथे जी मोठी धर्मसभा भरली, तिच्या नियमांत ४० दिवसांच्या काळाचा उल्लेख आढळतो. त्याच शतकाच्या मध्यास यरुशलेम येथे कुरिल नावाच्या अध्यक्षांनी बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस ह्या दिवसांत दिलेली व्याख्याने आजही उपलब्ध आहेत. उपदेशक बंधूंनो, खेड्यात कंदिलाच्या किंवा विजेच्या दिव्याखाली बसून आपण जे काम करितो, ते किती जुने आहे पाहा!

बाप्तिस्म्याच्या वेळी हे उमेदवार आपली जुनी वस्त्रे काढून ठेवीत, पाण्यात उतरत, व बाहेर आल्यावर त्यांस शुभ्र वस्त्रे देत. पौल कलस्सैकरांस लिहितो की, जुना मनुष्य त्याच्या कृतींसह काढून टाकावा व नवा परिधान करावा. त्याचा अर्थ त्या उमेदवारांस डोळ्यांनी दिसे व अंगास कळे. पुढे ज्यांचा बाप्तिस्मा पूर्वीच झाला होता, तेही उमेदवारांबरोबर उपवास व प्रार्थना करू लागले. आपले वस्त्र मळले काय, आपण काढून टाकलेले चिंधूक पुन्हा खांद्यावर घेतले काय, हे त्यांस पाहावयाचे होते. तेव्हा हा काळ ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे अशा तुमच्याआमच्याकरिताही आहे.

२. आधी पुत्र, मग उपवास

आता मत्तयाचा तिसरा व चौथा अध्याय एकापुढे एक ठेवून वाचा. बहुधा आपण ते निरनिराळ्या रविवारी वाचतो, आणि म्हणून त्यांतील जोड आपल्या नजरेतून सुटते. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी प्रभू यार्देनेतून वर येतो व आकाशातून वाणी होते की, हा माझा प्रिय पुत्र आहे. त्यावेळी प्रभूने अजून एकही रोगी बरा केला नव्हता, डोंगरावरचे प्रवचन दिले नव्हते, एक दिवसाचाही उपवास केला नव्हता. पित्याने त्यास पुत्र म्हटले ते आधी, व अरण्यातील ४० दिवस त्यानंतर.

आणि सैतानाने हल्ला कशावर केला? भाकरीवर, असे आपण पटकन म्हणतो. पण त्याचे पहिलेच शब्द पाहा. तू देवाचा पुत्र असलास तर, अशी तो सुरुवात करितो. पित्याने जे नाव नुकतेच दिले, त्यावरच तो संशयाचे बोट ठेवितो. पुत्र असशील तर करून दाखव, असे त्याचे म्हणणे. प्रभूने काहीही करून दाखविले नाही. पित्याचा शब्द त्यास पुरेसा होता.

बंधूंनो, आपला उपवास पुष्कळदा ह्याच्या उलट चालतो. ४० दिवस कष्ट केले म्हणजे देव मला आपला म्हणेल, असे मनात कोठेतरी असते. नवस फेडण्याची ती जुनी चाल होय, नाव मात्र ख्रिस्ती. लूकाच्या पंधराव्या अध्यायातील धाकट्या मुलाचाही तोच विचार होता. मला चाकर करून ठेवा, एवढे म्हणावयाचे त्याने वाटेत पाठ केले होते. पण ते वाक्य बापाने त्यास पुरे करू दिले नाही. उत्तम झगा आणावयास सांगितला. मुलाने आंघोळ केल्यावर नव्हे, शेतात वर्षभर राबून दाखविल्यावर नव्हे, तर डुकरांचा वास अंगास असतानाच. नवा मनुष्य ही आपली कमाई नाही. ते बापाने अंगावर घातलेले वस्त्र आहे. आपण करावयाचे ते हेच की, ते अंगावर ठेवावे व जुने पुन्हा चढवू नये.

३. बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्त भेटला काय?

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात ज्यांच्या जीवनात ठळकपणे दिसून आली, त्या पंडिता रमाबाई होत. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करीत, पुराणे सांगत फिरत असे. पुढे दुष्काळ पडला, आणि त्यात रमाबाईंचे वडील, आई व पाठोपाठ बहीण, अशी माणसे गेली. भाऊ श्रीनिवास ह्याजबरोबर ही तरुण मुलगी पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिची विद्या पाहून तीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या.

पती निवर्तल्यावर त्या लहान मनोरमेस घेऊन पुण्यास आल्या, व १८८३ साली इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात वाँटेज गावी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन उघडले. इतके झाल्यावर कोण म्हणेल की, ह्या बाईंचे नवे जीवन अजून सुरू झाले नव्हते?

पण तसे त्या स्वतःच म्हणतात. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी उघडपणे लिहिले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणांस ख्रिस्ताचा धर्म सापडला आहे, पण धर्माचा जो जीव, तो ख्रिस्त आपणांस सापडला नाही. धर्ममते त्यांनी बुद्धीने पारखून घेतली होती, पण हृदयाची तहान भागली नव्हती. त्या सुमारास विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकांचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हे हॅसलम पाळकाचे काम करीत असताही स्वतः ख्रिस्ताला ओळखीत नव्हते. १८५१ साली कॉर्नवॉल प्रांतातील आपल्याच मंदिरात, आपलाच उपदेश चालू असताना, त्यांचे डोळे उघडले. पाळक उपदेश करता करता पालटला! आम्ही पाळकांनी व उपदेशकांनी हे वाक्य वाचून थोडे थांबावे. दर रविवारी दुसऱ्यांस भाकरी वाढणारा स्वतः उपाशी राहू शकतो.

ह्यानंतर रमाबाईंनी ओळखले की, आपणांस काही देऊन देवास राजी करावयाचे नाही. पापी म्हणून रिते हात घेऊन यावयाचे आहे. ह्या नव्या ओळखीने त्यांचे काम थांबले नाही, उलट वाढले. मध्यप्रांतात १८९६-९७ साली दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः जाऊन सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. दुष्काळाने ज्या मुलीस पोरके केले होते, ती आता दुष्काळात पोरक्या झालेल्यांची आई झाली. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०५ सालच्या आरंभापासून तेथील स्त्रिया आत्मिक जागृतीसाठी नेमाने प्रार्थना करू लागल्या, व जूनच्या अखेरीस जागृती झाली. मुली रडून पापे कबूल करू लागल्या आणि प्रार्थनेसाठी व साक्षीसाठी भोवतालच्या खेड्यांत निघाल्या. ज्यांच्या ह्या प्रार्थना होत्या, त्या बहुतेकींचा बाप्तिस्मा आधीच झाला होता. जागृती मंडळीच्या आतून सुरू होते.

बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूपाशी गेल्या. तो दिवसही उपवासकाळातलाच होता. पुनरुत्थानदिनास ११ दिवस उरले होते.

४. जुने वस्त्र कोणकोणते

कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात वस्त्राचा दृष्टान्त समजावून सांगावयास नको. बोंड फुटते, पण बोंड म्हणजे वस्त्र नव्हे. वेचावे लागते, सरकी वेगळी करावी लागते, पिंजावे, कातावे, विणावे लागते. त्याप्रमाणे ख्रिस्ती नाव एका दिवसात मिळते, पण जुने निराळे काढण्यास काळ लागतो. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत तीन जुनी वस्त्रे आम्हांस वारंवार दिसतात.

पहिले वस्त्र जातीचे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पेत्राची गोष्ट आहे. अंत्युखियात तो परराष्ट्रीय भावांच्या पंगतीस बसत असे, पण यरुशलेमेहून काही मंडळी येताच उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्यास सर्वांदेखत दोष दिला. पौलाने हा प्रश्न जेवणाचा किंवा चालीरीतीचा मानला नाही. सुवार्तेच्या सत्याला धरून हे वागणे नाही, असे त्याने म्हटले. आपण उपासनेत एकत्र बसतो. पण लग्नाची बोलणी निघाली, की बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नाव बाजूस राहते, आणि आजोबा कोणत्या वाड्यातून आले ह्याची चौकशी सुरू होते. ख्रिस्ताला परिधान केलेल्यांमध्ये यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे. तेव्हा आपल्या सोयरिकीत तो भेद कोठून आला, ह्याचे उत्तर आपणांस द्यावे लागेल.

दुसरे वस्त्र टोमण्याचे. गावात कोणी म्हणतो, ‘तुमचे लोक भाकरीसाठी बाटले.’ १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या सालांच्या दुष्काळांनी वऱ्हाड व मध्यप्रांत होरपळून निघाला, व मिशनांनी पुष्कळ अनाथ मुलांस आसरा दिला, हे खरे आहे. आपल्यांपैकी कित्येकांचे पणजोबा अशा अनाथांतलेच असतील. मग लाज कसली? धाकट्या मुलाची गोष्ट पुन्हा वाचा. बापाच्या घरी चाकरांसही पुरून उरेल इतकी भाकरी आहे, हे आठवूनच तो उठला. त्याचे पाऊल भुकेनेच घराकडे वळले. बापाने त्यास विचारले नाही की, तू माझ्यासाठी आलास की भाकरीसाठी. तो भाकरीसाठी आला व पुत्र होऊन राहिला. पणजोबा कशासाठी आले ह्याची लाज धरण्यापेक्षा, मी पुत्र होऊन राहिलो काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

तिसरे वस्त्र अपयशाचे. गेली कित्येक वर्षे ह्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ऐकू जात आहे. पाऊस दगा देतो, बोंडअळी लागते, भाव पडतो, कर्ज मात्र वाढते. मग मनुष्यास वाटू लागते की, कर्जदार एवढेच आपले नाव उरले आहे. दारू ह्या वेळी दारात उभीच असते. सैतान त्याच्याही कानाशी लागतो की, तू देवाचा पुत्र असतास तर तुझी अशी दशा का झाली असती? बंधूंनो, प्रभूला हाच प्रश्न ऐन भुकेत विचारला गेला होता. भूक होती, तरी पुत्रपण गेले नव्हते. तुमचे नाव सातबाऱ्यावर असो वा नसो, बँकेच्या यादीत असो वा सावकाराच्या वहीत असो, पित्याने दिलेले नाव कोणी खोडू शकत नाही. आणि मंडळीने केवळ असे बोलून थांबू नये. गलतीकरांस पत्र ६:२ प्रमाणे एकमेकांची ओझी वाहावी. जो बांधव बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, निरोपाची भाषा करू लागला, त्यास एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, घरच्यांस सावध करावे, व डॉक्टरांकडेही न्यावे. हेही उपवासकाळाचे कर्तव्य आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नवे वस्त्र म्हणजे परदेशी वस्त्र नव्हे. रमाबाईंनी इंग्लंडातही आपला शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का असू नयेत, असे तेथील गुरुजनांस विचारले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचे गुणगान अभंगांत व कीर्तनांत केले. तेव्हा नवा मनुष्य झालो म्हणून आपली भाषा, लुगडे, अथवा ख्रिस्ती न झालेले आईबाप व शेजारी ह्यांचा तिरस्कार करू नये. पौलाने कलस्सैकरांस जी नवी वस्त्रे सांगितली, ती करुणा, ममता, नम्रता, सहनशीलता व क्षमा ही होत.

५. एका धुऱ्याची गोष्ट

आता एक गोष्ट सांगतो. तीत दोष माझा आहे, म्हणून सांगण्यास संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या एका लहान मंडळीची सेवा करीत होतो, तेथे दोघे सख्खे भाऊ होते. थोरला मंडळीचा पंच. दोघांच्या शेतांमधील धुरा नांगरताना सरकला, असा वाद होता. जमीन जेमतेम दोन काकरांएवढी, पण तीन वर्षे बोलणे बंद, व प्रकरण कचेरीत. उपवासकाळ आला. दोघांनीही मांस सोडले, दोघांनीही शुक्रवारचे उपवास धरले. उपासनेत एक उजव्या बाजूस बसे, दुसरा डाव्या बाजूस.

मला सर्व ठाऊक होते. मत्तय ५:२३-२४ वर मी त्याच महिन्यात उपदेशही केला, पण कोणाचे नाव मनात येऊ नये इतका सांभाळून. दोन्ही घरे वर्गणी नेमाने देत, आणि एक घर दुखावले तर मंडळी फुटेल, ही मला धास्ती होती. उत्तम शुक्रवाराच्या आदल्या सायंकाळी प्रभुभोजन झाले, व मी दोघांसही प्याला दिला.

उपासना संपल्यावर थोरला भाऊ मागे राहिला. सगळे गेल्यावर तो म्हणाला, ‘‘पाळकसाहेब, तुम्हांस सारे ठाऊक होते. मग माझ्या हाती प्याला का दिलात?’’

मजजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत प्रभुभोजनावर मी पुष्कळ पाने लिहिली होती, पण त्या मनुष्याच्या डोळ्यांकडे मला पाहवेना. शेवटी एवढेच म्हणालो की, मला भीती वाटली. तो म्हणाला, ‘‘मलाही.’’ मग आम्ही दोघांनी गुडघे टेकले. त्या रात्री उपदेश करणारा कोण व ऐकणारा कोण, हे ठरविणे कठीण होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे धाकट्याच्या घरी गेलो. तो बाहेर आला नाही. पुन्हा आठ दिवसांनी गेलो, तेव्हा बाहेर आला, पण बसा म्हणाला नाही. जेष्ठात धाकट्याचा एक बैल मेला. वखरणी अडली. थोरल्याने कोणास न विचारता आपली बैलजोडी व वखर त्याच्या शेतात नेऊन उभी केली. त्या दिवशी दोघे एका झाडाखाली भाकर जेवले. कचेरीतील प्रकरण त्यानंतरही बरेच दिवस चालले, व धुरा नेमका कोठे असावा ह्यावर त्यांचे एकमत झाले, असे मला सांगता येत नाही. परंतु त्यानंतरच्या उपवासकाळात ते एका सतरंजीवर बसत असत.

मी ह्यावरून शिकलो ते हे. दोघांचे ४० दिवसांचे उपवास जे करू शकले नाहीत, ते एका खऱ्या प्रश्नाने केले. आणि तो प्रश्न मंडळीतील एका शेतकऱ्याने विचारला, पाळकाने नव्हे. योएल संदेष्टा म्हणतो की, वस्त्रे नव्हे तर हृदये फाडावी (योएल २:१२-१३). माझे हृदय त्या रात्री प्रथम फाटले. देवाची कृपा की, त्याने ते तसेच सोडून दिले नाही.

६. हे दिवस कसे पाळावे

यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास वर्णिला आहे. बेड्या सोडाव्या, भुकेल्यास आपल्या अन्नातून वाटा द्यावा, उघड्यास वस्त्र द्यावे. त्यास अनुसरून सहा आठवड्यांचा हा क्रम घरोघर चालवावा. वाचता न येणाऱ्यांस मुलांनी वाचून दाखवावे.

पहिला आठवडा : मत्तय ३:१३ ते ४:११. प्रत्येक सकाळी कामास निघण्यापूर्वी, मी देवाचे लेकरू आहे, असे शांतपणे म्हणून त्याचे उपकार मानावे.

दुसरा आठवडा : स्तोत्र ५१. आपले एकच पाप नाव घेऊन देवापुढे कबूल करावे. मी पापी आहे असे मोघम म्हणणे सोपे असते.

तिसरा आठवडा : यशया ५८. उपवासाने जे धान्य वाचेल, ते मोजून वेगळे काढावे व गरजू घरी गाजावाजा न करता पोहोचवावे. ते घर ख्रिस्ती असावे, असा नियम नाही.

चौथा आठवडा : मत्तय ५:२१-२६. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या दारी जावे. दार उघडले नाही तर पुन्हा जावे.

पाचवा आठवडा : गलतीकरांस पत्र २:११-१४ व ३:२६-२८. ज्या बांधवाच्या घरी आपण आजवर जेवलो नाही, त्याच्या घरी जेवावे व त्यास आपल्या घरी बोलवावे.

सहावा आठवडा : रोमकरांस पत्र ६:३-११. झावळ्यांच्या रविवारापासून उत्तम शुक्रवारापर्यंत प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त रोज सायंकाळी सर्वांनी मिळून वाचावा. पुनरुत्थानदिनी पहाटे प्रत्येकाने आपला बाप्तिस्मा आठवून देवाची स्तुती करावी.

एक सूचना. आपल्याकडे ह्या दिवसांत ऊन कडक होऊ लागते. उन्हात मजुरी करणाऱ्यांनी पाणी सोडू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आजारी व वृद्ध ह्यांनी अन्न सोडू नये. प्रभूने मत्तय ६:१६-१८ मध्ये उपवास गुप्तपणे करावयास सांगितले आहे. तेव्हा कोण जेवले व कोण नाही, ह्याची चौकशी कोणी कोणाची करू नये.

उपदेशकांनी वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. प्रभूस ‘पुत्र’ हे नाव अरण्यात जाण्यापूर्वी मिळाले की नंतर? ह्यावरून आपल्या उपवासाविषयी काय समजते?
२. ख्रिस्ताचा धर्म सापडणे व ख्रिस्त सापडणे ह्यांत काय अंतर आहे? रमाबाईंच्या जीवनावरून सांगा.
३. धाकटा मुलगा कशामुळे घराकडे वळला? बापाने त्यास काय म्हणून घेतले?
४. पेत्र पंगतीतून का उठला? आपण कोणत्या पंगतीतून उठतो?
५. वर सांगितलेल्या तीन जुन्या वस्त्रांपैकी माझ्या अंगावर अजून कोणते आहे? (ह्याचे उत्तर मोठ्याने देण्याची गरज नाही. दोन मिनिटे सर्वांनी शांत राहावे. प्रथम उपदेशकाने स्वतःस हा प्रश्न विचारावा.)

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्ही काही करून दाखविण्यापूर्वीच तू आम्हांस आपले म्हटलेस, म्हणून तुझे उपकार मानितो. नाव तुझे घेऊन जुनी वस्त्रे आम्ही वापरीत आलो, ह्याची क्षमा कर. आमच्या हृदयाची पडीत जमीन फोड. भावाच्या दाराशी जाण्यास आमच्या पायांस बळ दे. कर्जाने व निराशेने वाकलेल्यांस तुझा हात लागू दे, व तो हात आमच्या मंडळीचा असू दे. पुनरुत्थानाच्या पहाटे आम्हां सर्वांस, पाळकांसह, नवे करून उभे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.